सावित्रीबाईंच्या धड्यात राहून गेलेली गोष्ट

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या शाळेत सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. प्रतिमेला हार घातला जातो, पाचवी-सहावीच्या मुली नऊवारी नेसून येतात, आणि भाषणे होतात. भाषण बहुतेक वेळा ठरलेले असते. नायगावचा जन्म, भिडे वाड्यातील शाळा, अंगावर फेकलेले शेण, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे, आणि शेवटी एक वाक्य : "प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांना प्लेग झाला व त्या मरण पावल्या." टाळ्या होतात, लेकरू खाली उतरते.

ही भाषणे बहुधा आम्हीच लिहून दिलेली असत. तीस वर्षांहून जास्त काळ आम्ही मराठी शिकवले. या भागात मराठी शिकवणे म्हणजे काय हे आपल्या पालकांना वेगळे सांगायला नको. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा आपला पांढुर्णा-सौंसर पट्टा मध्य प्रदेशात राहिला, पण घरातली भाषा काही बदलली नाही. सावित्रीबाई, जोतीराव, शिवाजी महाराज ही नावे इथल्या मुलांपर्यंत पोचावीत यासाठी आम्ही धडपडलो आणि त्याचा आम्हांस थोडासा अभिमानही होता. त्या अभिमानाला धक्का बसला तो आमच्याच पुतणीमुळे. ती याच शाळेची विद्यार्थिनी. हे सदर तिच्यावर नाही, तिला ते आवडणारही नाही, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

ती नागपूरला एका रुग्णालयात सिस्टर आहे. येथून नागपूर शंभरेक किलोमीटर. आपल्याकडे कोणाला जरा जास्त झाले की "नागपूरला न्या" हेच पहिले वाक्य असते, त्यामुळे तिच्या नोकरीचा फायदा अर्ध्या मोहल्ल्याने घेतलेला आहे. कोणाची भरती, कोणाचा रिपोर्ट, कोणाला डॉक्टरांची वेळ, सर्वांसाठी ती फोनवर हजर. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्ही उभयतांनी गच्चीवर जाऊन थाळी वाजवली. आमच्या सौ.ने तर शंखही फुंकला. पुतणीला व्हिडिओ पाठवला. तिने उत्तरादाखल हात जोडल्याचे चित्र पाठवले, बस.

पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला. कोविड वॉर्डातली ड्यूटी संपली होती, त्यानंतरचे वेगळे राहण्याचे दिवसही संपले होते, तपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. पास काढून चार दिवस घरी यावे म्हणत होती. आम्ही "ये" म्हटले. पण त्याच दमात पुढचे वाक्यही बोललो : "बगीच्यातल्या खोलीत राहशील ना?"

फोनवर थोडी शांतता झाली. मग ती म्हणाली, "राहीन न काकाजी."

ज्यांच्यासाठी थाळी वाजवली त्यांच्यासाठी दार मात्र उघडले नाही, इतका साधा हा हिशेब आहे आणि तो आमचा आहे. शेजारचे काय म्हणतील ही भीती होती. नातू लहान होता. आम्हांस मधुमेह आहे. ही सगळी कारणे खरी होती. तरी पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा डबा बांधावर ठेवून आम्ही दहा पावले मागे सरलो, आणि तिने तो येऊन उचलला, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. संत्र्याच्या झाडांमधून ती पाठमोरी चालत गेली. लहानपणी याच बागेत आमच्या खांद्यावर बसून ती संत्री तोडायची.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गोटमारीच्या दिवशी, आम्ही बांधाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलो, ती पलीकडे. दोघांच्या तोंडाला मास्क. ती वॉर्डातल्या गोष्टी सांगत होती. सहा-सहा तास तो प्लास्टिकचा अंगरखा घालायचा, पाणी प्यायचे नाही, कारण लघवीला जाता येत नाही. घामाने हातमोज्यांत पाणी साचते. पण त्रासाचे सांगता सांगता ती एका मावशीवर आली आणि तिथेच अडकली.

मावशी म्हणजे वॉर्डातील आया. पन्नाशी उलटलेली बाई. रुग्णांचे भांडे काढणे, ओकारी पुसणे, चादरी बदलणे ही तिची कामे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या रुग्णालयात चांगले मास्क कमी होते. जे होते ते डॉक्टर आणि सिस्टर यांना मिळाले. मावशीला कापडी मास्क मिळाला. मावशीने तो रोज धुतला, इस्त्री केला आणि घातला. मे महिन्यात ती पॉझिटिव्ह आली आणि पंधरा दिवसांत गेली. तिच्या मुलाला नंतर "कोरोना योद्धा" असे छापलेले प्रशस्तिपत्र मिळाले. फ्रेम करून.

"काकाजी, एक विचारू का जी?" पुतणी म्हणाली. "तुम्ही आम्हाला सावित्रीबाई शिकवल्या. मी भाषणात पहिली आली होती. पण त्यांना प्लेग झाला कसा, हे तुम्ही काहून नाही सांगितलं?"

आम्ही म्हटले, "अगं, सेवा करता करता झाला."

"सेवा केल्याने रोग होत नाही न. रोग जंतूने होतो. तो कुठून आला, कुठून शिरला, काय केलं असतं तर शिरला नसता, एवढं तरी सांगायला पाहिजे होतं. आमच्या मावशीबद्दलही लोक तेच म्हणतात, सेवा करता करता गेली. मास्क नव्हता हे कोणी म्हणत नाही."

त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. शाळा बंदच होत्या, वेळ भरपूर होता. आमच्याजवळची जुनी पुस्तके काढली, नागपूरच्या एका स्नेह्यांकडून काही मागवली, आणि जो धडा इतकी वर्षे शिकवला तो प्रथमच नीट वाचायला बसलो. जे सापडले ते येथे मांडतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. वर्ष सरता सरता साथ पुण्यात पोचली. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे लष्करात डॉक्टर होते, ते रजा घेऊन आले आणि मायलेकांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढवा येथे पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनाच प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो मुलगा मात्र वाचला, असेही सांगितले जाते.

पाठीवर घेऊन. या दोन शब्दांवर आम्ही किती वेळा मुलींना आवाज चढवायला लावला असेल! आता त्याच शब्दांवर थांबलो. आजारी माणसाला पाठीवर घेतले की काय होते? त्याचे अंग, त्याचे कपडे आपल्या अंगाला लागतात. त्याचे तोंड आपल्या मानेजवळ, कानाजवळ येते. तो खोकला तर आपल्या गालावर.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. म्हणजे शत्रू कोण हे सावित्रीबाई गेल्या तेव्हा ठाऊक झाले होते. तो येतो कुठून हे मात्र ठाऊक नव्हते. कोणी जमिनीतून म्हणे, कोणी घाणीतून, कोणी धान्यातून. घरात उंदीर मरून पडले की साथ येते हे लोकांना दिसत होते, पण मधला दुवा सापडत नव्हता. तो दुवा म्हणजे पिसू. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू भुकेने माणसाकडे वळते आणि चावते. हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर वर्षभराने. तेव्हाही पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. पुढे १९०५ पासून मुंबईत जे मोठे प्रयोग झाले त्यांनंतर ते सर्वमान्य झाले.

दुसरी वाट हवेची. काखेत किंवा जांघेत गाठ येणारा प्लेग सहसा एका माणसाकडून सरळ दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे मुंबईच्या प्लेग रुग्णालयांत काम करणाऱ्यांना तो फारसा होत नसे, ही त्या काळच्या डॉक्टरांनाच चकित करणारी गोष्ट होती. पण तोच जंतू फुप्फुसात शिरला की गोष्ट पालटते. मग रुग्णाचा खोकला हेच हत्यार होते. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. रुग्णालयातील नामांकित डॉक्टर मॅन्सर असेच गेले आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. डॉ. चाइल्ड यांनी मुंबईत शवविच्छेदने करून हा फुप्फुसाचा प्लेग वेगळा ओळखला. जे शहाणपण आले ते असे, जाणाऱ्यांच्या देहातून आले.

मुंबईत १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाईंच्या मृत्यूपूर्वी बरोबर दोन महिने. लस तेव्हा एका लहानशा प्रयोगशाळेत नुकती जन्मली होती.

हे सारे जुळवल्यावर आम्हांस सावित्रीबाई लहान वाटल्या नाहीत, उलट मोठ्या वाटल्या. त्यांना धोका आहे हे कळत होते, धोका कोणत्या दाराने येतो हे कोणालाच कळत नव्हते, आणि तरी त्या त्या पोराकडे गेल्या. पण एक गोष्ट टोचत राहिली. मावशीच्या वेळी दार कोणते हे सगळ्यांना ठाऊक होते. नाक आणि तोंड. शाळकरी पोरालाही माहीत होते. दाराला कडी मात्र तिच्या वाटणीला आली नाही.

ही कडी कोणी शोधली तेही वाचण्यासारखे आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरिया भागात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे गेली. वू लियन-तेह नावाचे तिशीतले डॉक्टर तेथे पाठवले गेले. त्यांनी सांगितले की हा रोग हवेतून, खोकल्यातून पसरतो आहे, सर्वांनी कापसाचा थर घातलेला जाळीदार कापडाचा मास्क बांधावा. हार्बिन शहरात मेनी नावाचे वयाने व मानाने मोठे फ्रेंच डॉक्टर आले. त्यांना हे पटले नाही. एका तरुण चिनी डॉक्टराने आपल्याला शिकवावे हे तर मुळीच पटले नाही. ते मास्क न बांधता वॉर्डात गेले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्याच प्लेगने मेले. मग शहरात मास्क बांधले जाऊ लागले. डॉक्टर धाडसी होते यात शंका नाही. धाडसाने जंतू अडत नाही, एवढेच.

आमच्या आजी १९१८ च्या साथीला "मानमोडी" म्हणत. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे त्या इन्फ्लुएंझाने सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होते. त्या साथीत रुग्णाला पाणी पाजायला गेलेले किती जण स्वतः पडले, त्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत. असो.

आता २०२० कडे परत येऊ. आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. ९ एप्रिल २०२० रोजी इंदूरचे डॉ. शत्रुघ्न पंजवानी कोविडने गेले. भारतात या रोगाने गेलेले ते पहिले डॉक्टर असे तेव्हा वृत्तपत्रांनी लिहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते कोविड रुग्णालयात नेमलेले नव्हते. ते आपल्या गल्लीतल्यासारखे साधे डॉक्टर होते. ताप-खोकला घेऊन कोणीही त्यांच्याकडे जावे. आपण समजतो की धोका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असतो. तेथे तो असतोच, पण तेथे तो आहे हे सर्वांना माहीत असते आणि सगळे आवरून, बांधून आत जातात. जेथे तो माहीत नसतो तेथे माणूस उघडा सापडतो. लहान दवाखाना, एकच खोली, बंद खिडकी, वर फिरणारा पंखा, बाकावर दाटीने बसलेले रुग्ण आणि टेबलापलीकडे दिवसभर तीच हवा घेणारा डॉक्टर. शेजारी कंपाउंडर. पुतणी म्हणते की सिस्टर मंडळींत कितीतरी जणींना लागण वॉर्डात नव्हे, तर जेवणाच्या खोलीत झाली असावी. वॉर्डात सगळ्या जणी झाकलेल्या. बाहेर आल्यावर लहानशा खोलीत मास्क काढून डबे उघडले, एकमेकींची भाजी चाखली. सहा तास उपाशी असलेल्या पोरींना दूर दूर बसून जेवा हे सांगायचे तरी कोणी!

जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज केला की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी या रोगाने गेले असावेत. भारतीय वैद्यक संघटनेने फक्त डॉक्टरांची मोजदाद ठेवली. पहिल्या लाटेतच तो आकडा सातशेच्या वर गेला होता. मावशीसारख्यांची मोजदाद त्या यादीत नाही, कारण ती यादी डॉक्टरांची होती. सरकारने मार्च २०२० अखेरीस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात सफाई कामगार व आशाताई यांनाही धरले, हे बरे झाले. पण विमा मेल्यानंतर मिळतो, मास्क आधी मिळायला हवा. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना दिला गेला. आमच्या पुतणीने पहिल्या महिन्यातच लस घेतली. तोवर ती एकदा पॉझिटिव्ह होऊन बरी झाली होती. तेव्हा आम्ही नागपूरला गेलो नाही. फोन केला.

एक विषयांतर करतो, वाचक क्षमा करतील. आपल्या गावाला दगडांची सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांना दगड मारतात, शेकडो जखमी होतात, आणि दोन्ही बाजूंना डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर टाके घालीत बसलेले असतात. झेंडा कोणी तोडला याची चर्चा महिनाभर चालते, टाके कोणी घातले याची एक दिवसही नाही. ही आपली रीत. पण १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या पथकावरच लोकांनी दगड फेकले. दोन महिला डॉक्टरांना मार लागला. दुसऱ्या दिवशी त्या दोघी पुन्हा त्याच भागात कामाला गेल्या. अफवा होती, भीती होती. आम्ही ती बातमी वाचून फार संतापलो होतो. नंतर बगीच्यातल्या खोलीची आठवण झाली, आणि त्या दगडाचे व आमच्या त्या वाक्याचे काही नाते आहे का, असा विचार मनात येऊन गेला.

२२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश निघाला, ज्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे अजामीनपात्र गुन्हा ठरला, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा. हा अध्यादेश ज्या कायद्यात बदल करण्यासाठी होता तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. म्हणजे सावित्रीबाई हयात असताना झालेला! प्लेगसाठीच केलेला. त्या कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे बळ दिले. पुण्यात रँडसाहेबाच्या काळात त्याचा जो जुलूम झाला तो इतिहासाच्या पुस्तकात आहेच, मुलांना तो पाठ असतो. पण रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याचे संरक्षण त्या कायद्यात यायला १२३ वर्षे लागली.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही पुतणीला फोन केला आणि म्हटले, तुझे खरे आहे, धड्यात एक गोष्ट राहून गेली. ती हसली. म्हणाली, "मग आता सांगा न."

शाळा सुरळीत सुरू झाल्यावर एका वर्षी मुख्याध्यापकांना विनंती केली की या वेळी ३ जानेवारीला भाषणे दोनच ठेवू आणि उरलेला तास आमच्या पुतणीला देऊ. विश्वस्तांपैकी एकांनी "कार्यक्रमाचे पावित्र्य" अशी शंका काढली, ती रास्तच होती. पण तास मिळाला. पाहुणी म्हणून ती आली, आमच्याच घरी उतरली, पुढच्या खोलीत. सौ.ने रात्री तिच्या ताटात तीनदा वाढले. कोणी काही बोलले नाही.

तिने भाषण केलेच नाही. सोबत रबरी हातमोज्यांचा एक डबा, चार अंगरखे आणि पावशेर गुलाल आणला होता. सातवीची चार मुले पुढे बोलावली, त्यांना अंगरखे व हातमोजे घातले आणि हातमोज्यांना गुलाल फासला. "हा गुलाल म्हणजे जंतू," ती म्हणाली. "आता हे सगळं काढा. अंगाला गुलाल लागू द्यायचा नाही." मुले हसत हसत तयार झाली. इतके सोपे काम! पहिल्याने हातमोजा बोटाच्या टोकाला धरून ओढला, मनगट लाल. दुसरीने अंगरखा डोक्यावरून काढला, केस लाल. तिसऱ्याच्या नाकावर ठिपका होता आणि तो म्हणत होता, "मी नाकाला हात लावलाच नाही!" सभागृहात हशा पिकला. चौथीने फार काळजीने सर्व केले, तरी कानामागे मास्कच्या दोरीपाशी बोटभर गुलाल निघालाच.

मग पुतणीने स्वतः करून दाखवले. हातमोजा बाहेरून चिमटीत धरून उलटा काढायचा, दुसरा काढताना उघडे बोट आतून घालायचे. अंगरख्याची समोरची बाजू सर्वांत मळलेली, तिला हात लावायचा नाही, मागून सोडून आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळी करायची. प्रत्येक पायरीला हात साफ. मास्क सर्वांत शेवटी, खोलीच्या बाहेर येऊन, समोरून न धरता मागच्या दोरीने. सभागृह गप्प झाले होते. ती म्हणाली, "थकून आलेली असते, घाम आलेला असतो, तहान लागलेली असते, तेव्हा हे करायचं असतं. घालताना सगळे जपून घालतात. लागण काढताना होते. म्हणून आमच्याकडे एक जण समोर उभा राहून बघतो आणि सांगतो, आता हे, आता ते. त्याला घाई झाली की आमचं काम बिघडतं."

सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. ती नऊवारी नेसलेली होती, त्या दिवशीची सावित्रीबाई तीच होती. तिने विचारले, "मग सावित्रीबाईंच्या समोर कोण उभं होतं?"

पुतणीने आमच्याकडे पाहिले. आम्ही उठलो आणि माहीत होते तेवढे सांगितले. यशवंत होते, पण काय पाहायचे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पिसूचे सांगितले, खोकल्याचे सांगितले, कराचीचे सांगितले. वू डॉक्टरांचे सांगितले. मावशीचेही सांगितले. मावशीचे सांगताना मागे बसलेल्या आपल्या शाळेच्या सफाईवाल्या बाई भिंतीचा आधार सोडून दोन पावले पुढे आल्या, हे आम्ही व्यासपीठावरून पाहिले. कार्यक्रमानंतर त्यांनी पुतणीला बाजूला घेऊन काही विचारले. संडास धुताना घालायला हातमोजे कोणते घ्यावेत, असे विचारत होत्या. आमच्या कारकिर्दीत त्यांनी कधी हातमोजे घातलेले पाहिले नव्हते आणि आम्ही कधी विचारलेही नव्हते. पुतणीने उरलेला डबा त्यांना देऊन टाकला आणि जाड रबरी कोणते घ्यायचे ते कागदावर लिहून दिले. तो कागद पुढे शाळेच्या कार्यालयात गेला आणि जाडे हातमोजे आता शाळेच्या खर्चाने येतात. याबद्दल विश्वस्त मंडळाचे आभार मानायला हवेत.

त्या दिवशी मुलांच्या आग्रहाने आम्हीही एकदा हातमोजे घालून गुलाल फासून घेतला होता. सर्व पायऱ्या बरोबर केल्या, हात स्वच्छ निघाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुतणी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचायला बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "हे काय लागलं?" चष्म्याच्या काडीवर, कानाजवळ, गुलालाचे एक बोट उठलेले होते.